चेअरमनबाईचं बँकॉक

भिवराबाई कुणाची खोड काढायच्या बेतात असली, की तिचा चेहरा आरतीला उभ्या राहिलेल्या गुरवासारखा गंभीर व्हायचा. ही खूण ओळखणारं हिवरवाडीत एकच माणूस होतं, तिचा नवरा आश्रुबा. पण तोही बहुतेक वेळा उशिराच ओळखायचा.

हिवरवाडी म्हणजे शिरूर कासारहून डोंगराकडं निघालं की जिथं एसटी तोंड फिरवते ते गाव. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला बाहेर पडायचं. तोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. ह्या कोयत्याची मूठ आश्रुबा आणि धार भिवराबाई, असं टोळीतली माणसं म्हणायची. टोळीचा मुकादम कोंबडं आरवायच्या आत शिट्टी फुंकून सगळ्यांना उठवायचा. एकदा ती शिट्टीच गायब झाली. मुकादमानं टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, साऱ्या उलथ्यापालथ्या केल्या. भिवराबाई त्याच्या मागं मागं कळवळून शोधत होती, "अरं देवा, गेली कुठं" म्हणत होती. टोळीनं मनसोक्त झोप काढल्यावर कधीतरी ती शिट्टी मुकादमाच्याच बैलाच्या गळ्यात, घुंगरांच्या मधोमध लटकलेली सापडली.

पुढं पोरगं हाताशी आलं, सून आली आणि भिवराबाईनं कोयता ठेवला. गावातल्या मागं राहणाऱ्या बायका गोळा करून तिनं महिला दूध संस्था काढली. गावातले पुरुष तिला 'बायकांची डेअरी' म्हणून हसले. मग हळूहळू आपापल्या गायींचं दूध तिथंच घालू लागले. एक जण दुधात पाणी घालायचा. भिवराबाईनं त्याला फॅटबिट काही दाखवलं नाही. सगळ्या रांगेसमोर तिनं हात जोडून विचारलं, "दाजी, गावात टँकर येईना झालाय, तुमच्या किटलीत बरा रोज येतोय. आमालाबी त्या ड्रायव्हरचा नंबर द्या की." दाजींची किटली दुसऱ्या दिवसापासून दाट झाली.

मग दोन हजार एकोणीसचा उन्हाळा आला. विहिरी कोरड्या, कडबा संपलेला, आणि सगळ्या गावाची जनावरं माळावरच्या चारा छावणीत. माणसंही जनावरांबरोबर तिथंच, हिरव्या नेटच्या सावलीत पथाऱ्या टाकून. हिरवा चारा दिसेना, म्हणून दुभत्या गायींना पोत्यातल्या खुराकावर जगवायची पाळी आली. तो खुराक बायकांच्या संस्थेतूनच जायचा. त्यामुळं झालं असं, की पशुखाद्याच्या कंपनीनं लावलेली जास्तीत जास्त पोती खपवायची स्पर्धा संस्थेनं जिंकली. स्पर्धा आहे हे भिवराबाईला जिंकल्यावर कळलं.

बक्षिसाचा कार्यक्रम गेवराईच्या एका मंगल कार्यालयात होता. माइकवरून पुकारा झाला, "हिवरवाडी दूध संस्थेचे चेअरमन साहेब!" भिवराबाईनं गंभीर चेहऱ्यानं आश्रुबाला कोपरानं ढोसलं. "उठा, तुमालाच बोलवायलेत." आश्रुबा फेटा सावरत थेट स्टेजवर गेला. गळ्यात हार पडला, आणि मग साहेबानं कागद बघून विचारलं, "भिवराबाई आपणच का?" सगळं कार्यालय हसलं. आश्रुबा हारासकट खाली आला आणि भिवराबाई वर गेली. बक्षीस होतं बँकॉकची सहल, दोघांसाठी.

ही बातमी छावणीत पोचली, तसं पुरुषमंडळींचं चारापाण्यावरचं ध्यानच उडालं. संध्याकाळी आश्रुबाचा जिगरी दोस्त धुळाजी त्याच्या खाटेवर येऊन बसला.

"आश्रुबा, कर्म फुटलं बे तुझं."

"कावून?"

"बँकॉकला बायकू घिऊन जाणं म्हंजी लग्नाच्या पंगतीला घरनं डबा नेणं."

खाटेभोवतीची माणसं खिदळली. आश्रुबाची मिशी जरा फुरफुरली. "मी काय तिच्या पदराला बांधलेला हाय व्हय?" तो म्हणाला. "तिथं गेल्यावर बगतो की. आल्यावर सांगतो तुमाला समदं."

नेटच्या पलीकडं भिवराबाई गायीच्या कासेला बसली होती. धारेचा आवाज क्षणभर थांबला आणि परत सुरू झाला. दूध काढून झाल्यावर तिनं शेजारच्या दावणीवरच्या बायडाबाईला गाठलं. बायडाबाई धुळाजीची बायको. भिवराबाईच्या मागं तिच्या गायी हीच बघणार होती.

"बायडे, त्या बँकॉकात असं काय असतंय गं?"

बायडाबाईनं तोंडाला पदर लावला. "मालिश करत्यात म्हणं. पोरी."

"आन त्याच्यापायी इमानात बसून जायचं? आपल्या म्हशी तर बाभळीच्या खोडाला अंग घासून मोकळ्या होत्यात."

बायडाबाई हसून हसून खाली बसली. भिवराबाई मात्र हसली नाही. तिचा चेहरा गंभीर झाला होता.

सहलीत जिल्ह्याजिल्ह्यातून आलेले जिंकलेले चेअरमन होते, खाद्याचे दुकानदार होते आणि त्यांच्या बायका. चेअरमन असलेली बाई ही एकटीच. पुढारीपण आपोआपच गेवराईच्या उत्तरेश्वर शेठकडं गेलं. ते खाद्याचे मोठे डीलर, गोरेपान, बोटभर अत्तर लावणारे. त्यांची बायको अंजनावहिनी इतकं हळू बोलायची, की तिनं मागितलेलं पाणी विमानात शेजारणीला मिळालं.

बँकॉकच्या हॉटेलात पाऊल टाकल्यापासून भिवराबाईला दिसत होतं ते पाणी. दारात कारंजं, जिन्याजवळ काचेच्या भिंतीवरून उगाच वाहणारं पाणी, आणि खोलीत तर माणूस झोपेल एवढा पांढरा टब. आश्रुबानं नळ सोडला. टब भरेपर्यंत दोघंही काठावर बसून बघत राहिले. नळ मधेच जाईल, असं दोघांनाही वाटत होतं. तो काही गेला नाही. आधी आश्रुबानं अंघोळ केली, मग त्याच पाण्यात भिवराबाईनं प्रवासाचे कपडे धुतले. आता बूच काढायचं, तर आश्रुबाचा हात धजेना.

"एवढं पाणी सोडून द्यायचं?"

"मग काय पिशवीत भरून शिरूरला न्यायचं?"

आश्रुबाला बाहेर बोळात ओळीनं ठेवलेल्या झाडांच्या कुंड्या आठवल्या. बर्फाचं भांडं भरभरून त्यानं एकेका कुंडीला पोटभर पाणी घातलं. झाडं चांगलीच टवटवीत दिसत होती. गालिचा भिजून त्याचे पाय चिंब झाले, तेव्हा झाडू घेतलेली बाई धावत आली आणि तिनं एक पान उपटून त्याच्या हातात दिलं. पान प्लास्टिकचं होतं. भिवराबाई दारात उभी राहून सगळं बघत होती.

"आधी सांगायचं न्हाई?" आश्रुबा चिडला.

"मला वाटलं, तुमी कलम करायलाव."

सकाळी त्यानं आणखी घोळ घातला. हॉटेलचा एक माणूस पाइप धरून फुटपाथ धूत होता. माती नाही, शेण नाही, नुसता स्वच्छ फुटपाथ. आश्रुबानं जाऊन नळ बंद केला. माणसानं हसून परत सोडला. आश्रुबानं परत बंद केला. असं कितीदा तरी चाललं. शेवटी सहलीची गाइड धावत आली. तिचं नाव नोई. भारतातल्या मंडळींना शहर दाखवून दाखवून ती हिंदी शिकली होती. "अंकल, यहाँ पानी बहुत! नदी है!" ती म्हणाली.

"नदी तो हमको भी है," आश्रुबा म्हणाला. "गोदावरी." मग शेजारी उभ्या उत्तरेश्वर शेठकडं बघून म्हणाला, "तुमच्या गेवराईजवळनंच जातीय ना, शेठ? पाण्यापरीस वाळूचे ट्रक जास्ती, ती."

शेठ हसले नाहीत. भिवराबाईला मात्र नवऱ्याचं कौतुक वाटलं.

दुपारच्या जेवणात भिवराबाईची आणि नोईची गट्टी जमली. सहलीचं शाकाहारी जेवण असं होतं, की जिभेला पत्ता लागू नये. भिवराबाईनं पिशवीतनं तिळाची लाल चटणी काढली. नोईनं मागितली. "बेटी, तीखा हय, रोएगी," भिवराबाईनं निजामाच्या काळापासून चालत आलेल्या आपल्या हिंदीत बजावलं. नोईनं चमचाभर खाल्ली, मान डोलावली आणि आणखी एक चमचा घेतला. मग तिनं आपल्या पर्समधून नखाएवढी हिरवी मिरची काढून भिवराबाईसमोर ठेवली. भिवराबाईनं ती तोंडात टाकली. थोड्या वेळानं तिच्या कानातून वाफ निघायची तेवढी राहिली होती. तिनं पदरानं डोळे पुसले आणि नोईच्या पाठीवर थाप मारली. "चल, तू मेरी भैन."

त्यानंतर दोघी बसमध्ये पुढच्या बाकावर शेजारी बसू लागल्या. त्या झोपलेला भलामोठा सोनेरी बुद्ध बघायला गेल्या, तेव्हा भिवराबाई त्याच्या पायापासून डोक्यापर्यंत चालत गेली आणि म्हणाली, "असा निवांत पडलेला देव पहिल्यांदाच बगितला. आमचे देव सदा उभे. त्यांना बिचाऱ्यांना काम लई." त्याच बाकावर बसून भिवराबाईनं एकदा नोईच्या कानात काहीतरी सांगितलं. नोई आधी दचकली. मग एवढी हसली, की ड्रायव्हरनं आरशात बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपार मोकळी होती. जेवणं झाल्यावर उत्तरेश्वर शेठ घसा खाकरून उभे राहिले. अत्तराचा वास आज जास्तच होता. "महिलामंडळींनी खरेदी करून घ्यावी. आम्ही पुरुष जरा चारा कापायचं मशीन बघून येतो. नवीन टेक्निक आहे इथं."

"मशीन?" अंजनावहिनी पुटपुटली.

"धंद्याचं काम आहे," शेठ तिच्याकडं न बघता म्हणाले.

भिवराबाई पदर खोचून उठली. "चारा कापायचं मशीन? मग मलाच याया पायजे. संस्था माझी हाय."

पुरुषांच्या बाकावर सगळ्यांच्या माना खाली गेल्या. आश्रुबाच्या केसांना आज तेल होतं, आणि अंगात लग्नकार्यासाठी राखून ठेवलेला सदरा. तो पंख्याकडं बघू लागला. भिवराबाईनं सगळ्यांना घाम फुटेपर्यंत वाट बघितली.

"पर जाऊ द्या," ती म्हणाली. "मला बाईला मशिनीतलं काय कळतंय. तुमीच जावा. ह्यांनाबी न्या, ह्यांना लई हौस हाय. नुसतं लांबून नका बगू, हात लावून, चालवून बगा."

पुरुष खुशीत गाडीत बसले. आश्रुबा तेवढा जाताना मागं वळून बायकोच्या तोंडाकडं बघत होता. त्याला खूण पटली असावी, पण तोवर गाडी हलली होती.

शेठनी गुपचूप जागा ठरवायला सांगितली होती ती नोईलाच, आणि तिनं गाडीच्या ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं, लांबच्या रस्त्यानं ने. बायकांसाठी तिनं तीनचाकी रिक्षा बोलावल्या. त्या गल्लीबोळातनं अशा सुसाट निघाल्या, की अंजनावहिनीनं मोठ्यानं 'अगं बया' म्हटलं. सगळ्या सहलीत ऐकू आलेलं तिचं हे पहिलं वाक्य.

रिक्षा थांबल्या त्या नोईच्या मावशीच्या मालिशच्या दुकानापाशी. दुकान साधंच होतं. भिंतीवर देवाचा फोटो, समोर उदबत्ती, आणि आत कामाला मावशीच्याच वयाच्या बायका. कुणाची नातवंडं कॉलेजात जाणारी. पुढच्या खोलीत खाली गाद्या अंथरल्या होत्या. मधे जाड पडदा, आणि पडद्यामागं खुर्च्या. तिथं बायका बसल्या. प्रत्येकीच्या पायाशी लिंबाची पानं टाकलेल्या कोमट पाण्याचं घमेलं आलं.

नोईची मावशी खाली बसून भिवराबाईचा पाय धरू लागली, तसा तिनं तो ओढून घेतला. वडीलधाऱ्या बाईनं पायाला हात लावायचा म्हणजे काय! आधी तिनंच वाकून मावशीला नमस्कार केला. मावशी हसली आणि पाय परत धरला. भिवराबाईच्या टाचेच्या भेगांवरून तिनं अंगठा फिरवला, नोईला काहीतरी म्हणाली, आणि चप्पल काढून स्वतःची टाच दाखवली. तशाच भेगा.

"बोलती है, ये शहर का पैर नहीं है," नोईनं सांगितलं. "मौसी उधर ईसान इलाके से आई. वहाँ बारिश नहीं, खेत सूखा. सब लोग काम के वास्ते इधर आते."

"म्हंजी तुझंबी शिरूर कासारच की गं!" भिवराबाई म्हणाली. मावशीला शब्द कळले नाहीत, तरी तिनं मान हलवली. मग दोघी आपापल्या भाषेत बोलत राहिल्या. नोईनं मधे पडायचं सोडून दिलं.

एवढ्यात बाहेर गाडी थांबली. नोईनं पडदा ओढून घेतला आणि बाहेर गेली. बायकांनी पदर तोंडात कोंबले.

"बढिया वाला हां," पलीकडून उत्तरेश्वर शेठचा दबका आवाज आला. "स्पेशल."

"स्पेशल, शेठजी," नोई म्हणाली. "सबसे अनुभवी."

कपडे बदलल्याची कुजबुज झाली. गाद्यांवर माणसं टेकली. अनुभवी बायका आत आल्या असाव्यात, कारण पुरुषांची कुजबुज एकाएकी थांबली. कुणीतरी 'नमस्कार मावशी' म्हटल्याचंही ऐकू आलं. मग कट्, असा आवाज आला. पाठोपाठ आणखी एक.

"आई गं! पाय! पाय सोड माझा!" हे शेठ होते.

भिवराबाईनं पडद्याच्या फटीतून नोईला खुणावलं. "उस बाई कू बोल, शेठ की कंबर भोत दिन से पकडेली हय. बोल, डरो मत, जोर लगाव."

नोईनं सांगितलं. शेठनी असा हंबरडा फोडला, की भिवराबाईला छावणीची आठवण झाली. अंजनावहिनीनं पदर तोंडातून काढला आणि हळूच म्हणाली, "माझ्याकडनं बी थोडं लावा म्हणावं."

मग मात्र बायकांना आवरेना. एकीचं हसू फुटलं, ते सगळ्यांचं फुटलं. घमेली हिंदकळली. भिवराबाईनं उठून ओल्या पायांनीच पडदा सरकवला.

"कावून हो मंडळी," तिनं विचारलं, "मशीन चालू झालं का?"

शेठचा एक पाय एका धिप्पाड आजीच्या खांद्यावर होता आणि दुसरा तिच्या काखेत. उठायची सोय नव्हती. त्यांनी डोळे मिटून घेतले. बाकीच्यांनी तोंडं उशीत घातली. आजीबाईंनी कुणाकडं लक्ष न देता काम चालू ठेवलं.

आश्रुबा कडेला पालथा पडला होता. तो ओरडत नव्हता, हलतही नव्हता. त्याच्या पाठीवर एक बारकीशी म्हातारी गुडघे टेकून बसली होती. भिवराबाईच्या मनात पाल चुकचुकली. गंमत जरा जास्त झाली की काय? ती जवळ जाऊन वाकली.

"राग आला व्हय?"

"बोलू नगं," आश्रुबा गादीत तोंड घालून म्हणाला. "ती जागा घावलीय हिला."

ती जागा भिवराबाईला ठाऊक होती. डाव्या खांद्याच्या खाली. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढता चढता ती कधीकाळी धरली, आणि मग सुटलीच नाही. भिवराबाईनं तिथं तेल चोळलं होतं, तापवलेली वीट ठेवली होती, शिरूरच्या डॉक्टरचं मलम लावलं होतं. आता त्या म्हातारीचं कोपर बरोबर तिथं रुतलं होतं, आणि आश्रुबाच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. भिवराबाई तिथंच खाली मांडी घालून बसली आणि म्हातारी कोपर कसं फिरवते ते बघत राहिली.

संध्याकाळी मंडळी नदीतल्या बोटीत बसली. उत्तरेश्वर शेठ एकटेच टोकाला जाऊन बसले होते. अंजनावहिनी बायकांच्या घोळक्यात चढ्या आवाजात रिक्षाची गोष्ट सांगत होती. दोन्ही काठांना भिडलेलं ते पाणी बघत आश्रुबा बायकोशेजारी बसला होता.

"तुला कवा कळलं?" त्यानं विचारलं.

"छावणीतच. धुळाजीभावजींचा आवाज काय बारीक हाय व्हय?"

"मग तवाच बोलायचं."

"मग गंमत काय राह्यली असती?"

आश्रुबानं बोटीच्या काठावरून हात सोडून पाण्याला लावला. "आईशपथ, मी तिथनं पळूनच येणार होतो."

"कवा? मालिश झाल्यावर?"

तो हसला. भिवराबाईही हसली. थोड्या वेळानं तो म्हणाला, "उद्याबी जायचं का गं तिथं? दोघं मिळून?" आणि खरंच, दुसऱ्या दिवशी बाकीची मंडळी बाजारात हिंडत असताना हे दोघं नोईच्या मावशीकडं जाऊन आले. निघताना भिवराबाईनं उरलेल्या चटणीची पिशवी मावशीच्या हातात ठेवली.

गावी परतले तेव्हा माळावर तोच फुफाटा, तेच नेट, आणि टँकर कधीचा येऊन गेलेला. आश्रुबा खाटेवर टेकतो न टेकतो, तोच सगळी छावणी गोळा झाली.

"बोल बे आता," धुळाजी म्हणाला. "मालिश झालं का न्हाई?"

आश्रुबानं बायकोकडं बघितलं. भिवराबाई गायीपुढं खुराकाचं टोपलं ठेवत होती. चेहरा गंभीर. त्याला काही अंदाज येईना. तो जपून म्हणाला, "झालं."

"पोरगी कशी होती?"

आश्रुबानं मिशी चाचपली. "लई... लई अनुभवी होती."

माणसं आणखी जवळ सरकली. आता ही बाई भांडं फोडणार, म्हणून आश्रुबानं मान खाली घातली. भिवराबाईनं टोपलं झटकलं आणि जाता जाता सहज म्हणाली, "मी तिथंच होते की. डोळ्यातनं पाणी काढलं ह्यांच्या तिनं. दुसऱ्या दिवशी परत गेले, ऐकंनातच." आणि ती पुढच्या गायीकडं निघून गेली.

धुळाजीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. बायकोच्या देखत! आश्रुबाची मान हळूहळू वर आली, मिशी फुलली, आणि त्या दिवसापासून छावणीत त्याचा मान असा वाढला, की चाऱ्याच्या रांगेत माणसं त्याला पुढं जाऊ देऊ लागली.

चार-आठ दिवसांनी दुपारच्या वेळी, पुरुषमाणसं सावलीला आडवी झाली असताना, बायडाबाई भिवराबाईच्या दावणीजवळ आली आणि इकडंतिकडं बघून बसली.

"खरं सांग भिवरे. काय असतंय तिथं?"

"सांगून न्हाई कळायचं. पाय आण इकडं."

"येडी का खुळी तू?"

भिवराबाईनं तिची टाच धरून मांडीवर घेतली, बोटभर खोबरेल लावलं आणि मावशीनं दाखवल्याप्रमाणं तळव्याच्या मधोमध अंगठा रोवला. बायडाबाईनं अशी किंकाळी मारली, की दावणीवरच्या गायींनी कान टवकारले. मग तिनं भिवराबाईच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, डोळे मिटून घेतले, आणि दुसरा पाय आपणहून पुढं केला.